पाच गुंठे आणि सहा पांडव

पाच गुंठे पंचशीलाला मिळाले. राघोबा हरला. वाद संपला.

आता हे विसरा, कारण कचेरीत अजून असं काहीच झालेलं नाही. मोजणीचा अहवाल टेबलावर आहे, टेबलवाले रजेवर आहेत. त्यांची सही होईपर्यंत डोणवाडीच्या शिवारात त्या दिवशी जे घडलं ते घडलेलं नाही, असंच सगळ्यांनी समजायचं आहे. पंचशीला तसं समजते. राघोबा तर फारच मनापासून समजतो. तेव्हा आपणही काही झालंच नाही असं धरू आणि पहिल्यापासून सुरू करू.

कानडी मुलखातल्या चिंताकीच्या पुढं जीपवाला एका वळणावर गाडी थांबवतो आणि "इथंच उतरा, पुढं जीप माझं ऐकत न्हाई" म्हणतो. तिथून पायी जावं लागतं ते डोणवाडी. तिथं पंचशीलाचं तीन एकर रान आहे. तिच्या वडिलांनी, राजपालनं, ते भगवानरावांकडून रीतसर रजिस्ट्री करून घेतलेलं. भगवानराव म्हणजे राघोबाचे वडील. राजपालच्या घरात त्याआधी जमीन म्हणजे जमीन दुसऱ्याची आणि काम आपलं. त्यामुळं ते खरेदीखत त्यांनी असं जपलं, की पावसात घर गळायला लागलं तर आधी कागद कोरड्या कोपऱ्यात जायचा, मग पोरं. पंचशीला त्या पोरांतली एक. आता ती कमलनगरच्या शाळेत गणित शिकवते. वडील गेल्यापासून कागद आणि रान, दोन्ही तिच्याकडं आहेत.

खरेदीखतात तीन एकर. पण पहाणीत, म्हणजे कुणाच्या नावावर किती रान आणि त्यात काय पेरलंय ते सरकार ज्यात लिहितं त्या उताऱ्यात, दोन एकर पस्तीस गुंठे. उरलेले पाच गुंठे कुणाच्या तरी हातून उतरवताना गळाले आणि शेजारी राघोबाच्या पहाणीत जाऊन बसले. भगवानरावांना ते कधी कळलंच नाही. राजपालनं पहाणी मागितली नाही. त्यांच्या पेटीत खरेदीखत होतं आणि खरेदीखताच्या वर काही असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पहाणी कॉम्प्युटरवर आली तेव्हा मात्र राघोबाच्या ध्यानात आलं, की कागदावर आपले पाच गुंठे आहेत आणि रानात ते कुठं दिसत नाहीत. माणूस प्रामाणिक. हरवलेली वस्तू शोधावी तसा तो ते पाच गुंठे शोधायला लागला, पंचशीलाच्या बाजूला, दर साली नांगराची एक रेघ, एक तास.

इथं राघोबाचं कौतुक करायलाच पाहिजे. धुरा, म्हणजे बांध, कोरणारे शेजारी सगळीकडं आहेत, पण बहुतेकांना घाई नडते. एका रात्रीत दोन हात सरकतात आणि सकाळी भांडण. राघोबानं कधी घाई केली नाही. नांगराचा एक तास, मग सालभर विश्रांती. राजपाल रोज त्या धुऱ्यावरून चालायचे, त्यांना कळलं नाही. राघोबाच्या बैलांनाही कळलं नसावं. असा संयम असलेला माणूस दुसऱ्या कुठल्या धंद्यात असता तर लोकांनी त्याचा फोटो भिंतीवर लावला असता.

आणि पाच गुंठे पुरे झाले तेव्हा पंचशीलाच्या रानाचं रस्त्याला टेकलेलं टोकच गेलं. तिचं रान होतं तिथंच राहिलं, फक्त त्यात शिरायला वाट उरली नाही. आत तूर उभी, शेंगा वाळून खुळखुळायला लागलेल्या. बाहेर राघोबाचा हरभरा, गुडघ्याएवढा, हिरवागार, आणि सरकारमान्य.

"राघोबाअप्पा, ट्रॅक्टर आणायचाय. तूर काढायला आलीय."

"आण की."

"कुठनं आणू?"

"तुज्या रानातनं आण."

"माज्या रानात शिरायला तुमच्या हरभऱ्यातनं यावं लागायलंय."

"मग कसं यायचं? हरभरा हाय न्हवं तिथं." राघोबानं खिशातून मोबाईल काढला. रोज सकाळी तोंड धुण्याआधी तो स्वतःची पहाणी उघडून बघायचा. लोक राशिभविष्य बघतात तशी. "हे बघ. सरकार म्हणायलंय. मी काय म्हणायलो न्हाई."

"आन हे खरेदीखत? ह्याच्यावर तुमच्याच बापाची सही हाय."

"बाप गेला, बाई. पहाणी दर साली नवी निघतीया."

पंचशीलानं यावर घरी जाऊन बराच विचार केला. उत्तर चूक होतं हे तिला माहीत होतं, पण चुकलं कुठं ते सापडेना. वर्गात एखादा पोरगा असं गणित सोडवून आणतो तेव्हा ती त्याला निम्मे गुण द्यायची. राघोबालाही तिनं मनातल्या मनात निम्मे दिले.

गावात दोन पक्ष पडले. चहाच्या टपरीवर एकानं सगळ्यांना समजेल असं सांगितलं, "खरेदीखत म्हंजे लग्नपत्रिका, पहाणी म्हंजे रेशन कार्ड. नवरा कोण ते पत्रिकेवरनं कळतंय. घरात कोण जेवायलंय ते कार्डावरनं."

"आन दोन्हीत येगयेगळं नाव आसलं तर?"

"तर जेवणारा उठत न्हाई तवर नवऱ्यानं भाईर बसायचं."

पंचशीलाला बाहेर बसायचं नव्हतं. तिनं मोजणीचा अर्ज दिला. कचेरीनं तो बराच काळ मुरवला आणि अखेर सर्वेयर पाठवली ती नेमकी येळवसेच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, आदल्या दिवशी. शैलश्री तिचं नाव. कलबुर्गीची कानडी मुलगी. मराठी आळंदला नोकरी करताना शिकलेली, त्यामुळं मराठीत तिला जमिनीबद्दल सगळं बोलता यायचं आणि इतर फारसं काही नाही. तिनं तिवई रोवली, यंत्र बसवलं, आणि पंचशीलाकडून खरेदीखत घेऊन चतुःसीमा वाचली.

"पूर्वेस देणाराचे राहिलेले रान, मधे हद्दीचा दगड." तिनं मान वर केली. "दगड कुठं आहे अण्णा?"

"कंचा दगड?" राघोबा म्हणाला.

"जुन्या मोजणीच्या टिपणात आहे. त्या दगडावरनं मोजायचं. यंत्राला आधी एक पक्की जागा लागते."

"दगड आसता तर मला दिसला नसता व्हय? मी तर सदा हितंच आसतो."

हे खरं होतं. राघोबा त्या तुकड्यात सदा असायचा. तिघांनी हरभऱ्यात, तुरीत, ओढ्याच्या कडेला शोधलं. मिळाला तो एक खुरप्याचा दांडा आणि राघोबाची हरवलेली एक वहाण, तिचा त्याला फार आनंद झाला. दगड मिळाला नाही. दगडाशिवाय मोजणी नाही, मोजणीशिवाय खरेदीखताला पाय नाहीत, आणि मग पहाणीच खरी. शैलश्रीनं यंत्राची पेटी उघडली, म्हणजे आता ती निघणार. पंचशीला आपल्या तुरीकडं बघत उभी राहिली. चार दिवसांत शेंगा फुटून दाणे खाली पडले असते.

तेवढ्यात राजूबाई आली. राघोबाची आई. ऐंशीच्या पुढची, एका हातात चुन्याची बादली, दुसऱ्या हातात केरसुणीच्या काड्यांचा कुंचा. मोजणी, यंत्र, तिवई यांतल्या कशाचीही दखल न घेता ती हरभऱ्यातून सरळ चालत गेली आणि पिकाच्या मधोमध बसली. तिथं त्यांचे पांडव होते. येळवसेला या भागात घरात कुणी राहत नाही, सगळं गाव ओल्या दाण्यांची भज्जी आणि आंबट अंबील घेऊन रानात जेवायला जातं. आणि प्रत्येकाच्या रानात पाच दगड असतात, त्यांना आदल्या दिवशी चुना लावून कडब्याच्या कोपीत बसवायचं, की झाले पांडव. राघोबानं तुकडा कोरत कोरत पुढं जाताना या देवांना कधी धक्का लावला नव्हता. नांगर तिथं आला की तो आदबीनं वळसा घालायचा. हरभऱ्यातही त्यानं तेवढी गोल जागा सोडलेली.

शैलश्री पेटी बंद करता करता थांबली.

"अज्जी, पांडव किती?"

"पाच."

"हे सहा आहेत."

राजूबाईनं कुंच्यानं एकेकाकडं दाखवत मोजलं. मग उलट्या बाजूनं मोजलं.

"सहाच हायत की," ती म्हणाली.

या घराण्यानं इतकी वर्षं सहा पांडव पुजले होते आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. यात हसण्यासारखं काही नाही. देवापुढं हात जोडले की डोळे मिटतात, मोजायला उघडे कोण ठेवतं?

"सहावी द्रौपदी आसंल," राघोबा म्हणाला.

"द्रौपदी हितं कामून बसंल? उद्या येळवस, ती सैपाक करायली आसंल."

"मग कुंती."

"कुंती आई. आईला लेकरांच्या रांगंत कोण बसवतंय? तिचा दगड येगळा लागतो."

"मग कर्ण धर."

राजूबाईनं यावर मात्र विचार केला. "आपल्यात कर्ण हाय, आन आपल्याला ठावं न्हाई. आसंल बाबा. त्यालाबी त्याचं ठावं न्हवतं."

"कर्ण माझ्या टिपणात नाही," शैलश्री म्हणाली. तिचा चेहरा जराही हलला नाही. "कुंती पण नाही. माझ्या टिपणात दगड आहे. घडवलेला, आणि डोक्यावर फुली."

सगळे पुन्हा पांडवांकडं बघायला लागले. दरसालच्या चुन्यानं ते असे गोल गुबगुबीत झाले होते, की डोकं कुठलं आणि तोंड कुठलं हे ज्याचं त्यालाच माहीत. चुना खरवडला तरच फुली दिसणार.

"मी हात लावणार नाही," शैलश्री म्हणाली. "देवाचं आहे. बंदोबस्त मागवावा लागतो."

राघोबानं हात पाठीमागं बांधले. इतकं झाल्यावर काय चाललंय ते त्याच्या ध्यानात आलं होतं. त्यानं पंचशीलाकडं बघितलं आणि फार प्रेमानं म्हणाला, "तू खरवड की. तुमी तर मानत न्हाई. तुला पाप लागायचं न्हाई."

पंचशीलाच्या पिशवीत फळ्यावर रेघा मारायची लोखंडी पट्टी होती. तिनं ती काढलीही. एक पाऊल टाकलं असतं तर वाट तिची, तूर तिची, बापाचा कागद खरा. तिनं पट्टी पुन्हा पिशवीत ठेवली.

"न्हाई अप्पा. माज्या बापानं रान घेतलं तवा तुमच्या देवाला हात लावला न्हाई. तुमच्या बापाला म्हणाला, पूजा करायची ती करा. आज मी खरवडलं तर फुलीचं कोण बोलंल? समदे म्हणतील, पंचशीलानं देव खरवडला. मोजणी राहिली तर राहिली. तूर मी डोक्यावर वाहीन."

राघोबाला हे उत्तर आवडलं. तो हरभऱ्याकडं वळणार, इतक्यात राजूबाईनं कुंचा बादलीत टाकला.

"राघ्या, इळा आण."

"आये, उद्या येळवस हाय."

"म्हणूनच. इतक्या वरसाची पुटं डोस्क्यावर घिऊन बसलेत. आंगूळ घालायलेव म्हण."

"आन फुली निगाली तर?"

"तर फुली निगाली. मला आता ऐंशी वरसं झाली, मी कुणाफुडं हात जोडायले ते मला कळूं दे की."

राघोबा इळा घेऊन आला. इथं त्याचं दुसऱ्यांदा कौतुक करायला पाहिजे, कारण इळा खोपटात होता, खोपट लांब होतं, आणि सापडला नाही असं सांगायला काहीच अडचण नव्हती. त्यानं तो आणला, वर धार बघून आणला.

राजूबाई पहिल्या पांडवापाशी बसली. "धर्मा, जरा सोस बाबा," म्हणून तिनं इळ्याचं टोक लावलं. चुन्याचे पापुद्रे निघायला लागले. एका थरात मधेच निळा रंग आला. "त्या साली चुना मिळाला न्हवता," ती म्हणाली, "शाळंच्या रंगातला उरलेला लावला." खाली नुसता ओबडधोबड काळा दगड. फुली नाही. तिनं त्याला पदरानं पुसलं आणि पुढच्याकडं सरकली. दुसरा नकुल निघाला, किंवा सहदेव. त्या दोघांत तिचा आधीपासूनच गोंधळ होता. तिसरा अर्जुन. चौथा एवढासा, तो खरवडताना अर्धा राहिला. पाचवा तसाच. फुली कुठंच नाही. राघोबाच्या तोंडावर हळूहळू उजेड यायला लागला.

मग राहिला भीम.

भीमाबद्दल कुणाला शंका नव्हती. तो सगळ्यांत मोठा, सगळ्यांत रुंद, चौकोनी खांद्यांचा, कडेला उभा. दर येळवसेला त्याच्यापुढं दोन उंडे, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, जास्त ठेवायची पद्धत होती. राजूबाईनं दोनदा इळा लावला आणि चुन्याची एक मोठी खपली एकदम सुटून पडली. आत चारी बाजूंनी घडवलेला सरकारी दगड होता. डोक्यावर छिन्नीनं काढलेली फुली होती, काल काढल्यासारखी.

राघोबा हरभऱ्यातच खाली बसला. आता त्याला सगळं दिसलं. तो कोरत कोरत पुढं गेला होता, पण देवाला वळसा घालून. आणि देवात हद्द होती. दुसऱ्या कुणी असा धुरा कोरला असता तर पहिल्या रात्री हद्दीचा दगड उपटून ओढ्यात टाकला असता. राघोबानं आपल्याविरुद्धचा एकुलता एक साक्षीदार जागच्या जागी ठेवला, दर साली रंगवला, आणि त्याला दोन उंडे जास्त घातले. इतक्या भक्तिभावानं कुणी खटला हरलेलं पंचशीलानं ऐकलं नव्हतं. तिला हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

"मग खरा भीम कोण?" राजूबाईला वेगळीच काळजी. ती बाकीच्या पाचांकडं वळली. "इतकी वरसं कुणीतरी उपाशी बसलाय ह्याच्यात."

शैलश्रीनं फुलीवर यंत्र उभं केलं. मोजणी झाली. दगडाच्या पश्चिमेचं सगळं पंचशीलाचं, पुरे पाच गुंठे, रस्त्याच्या टोकासकट.

"पण पहाणी?" राघोबानं मोबाईल पुढं केला.

"पहाणी शेतसारा घ्यायला, अण्णा. खरी नाही असं सिद्ध होईपर्यंत ती खरी. मालकी खरेदीखतानं येते, आणि खरेदीखत दगडापर्यंत आहे."

"मग इतकी वरसं रोज सकाळी मी काय बघायलोतो?"

शैलश्रीला याचं मराठी आलं नाही.

ती निघणार तेवढ्यात पंचशीलानं कागद हातात घेऊन शेवटचा परिच्छेद वाचला, नुसता समाधानासाठी: सदर रान त्यातील झाडझाडोरा, दगडधोंडे, विहीर-पाणी यांसह कायम खरेदी दिले. वाचता वाचता ती थांबली. दगडाच्या पश्चिमेला पाच दगड होते. अर्धवट खरवडलेले, चुन्याच्या पापुद्र्यात बसलेले. भगवानरावांनी विकताना ते कागदातून वगळले नव्हते, पूजेचं सगळं तोंडीच राहिलं होतं. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरातल्या पंचशीलाच्या मालकीचे आता पाच पांडव होते, रजिस्ट्रीसकट.

राजूबाईलाही ते कळलं. तिनं गोल जागेत टाकलेला पाय मागं घेतला. बादली उचलली आणि हद्दीच्या दगडाच्या पलीकडं, आपल्या रानात जाऊन उभी राहिली. मग तिथून, उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारावं तसं तिनं विचारलं, "पंचशीलाबाई, उद्या आमी येऊ का?"

पंचशीला त्या घराच्या ओट्याखाली उभी राहून वाढलेली. त्या घरातल्या कुणीतरी तिला 'येऊ का' विचारलं, असं आजवर झालं नव्हतं. आणि विचारणारी म्हातारी, जिनं आपल्या हातानं, आपल्या लेकाविरुद्ध, सणाच्या तोंडावर आपले देव सोलून काढले होते. पाच गुंठे मिळाल्याचं पंचशीलाला फार वाटलं नाही. हे वाटलं.

"या की आज्जी. मी हात जोडणार न्हाई. भज्जी मात्र खाईन."

"हात जोडूच नगंस. उंडे किती घालायचे तेवढं सांग. भीम सापडंना."

"समद्यांना सारके घाला."

राघोबा अजून बसलेला. "आन माजा हरभरा?"

"तुमी पेरलाय, तुमीच काढा. ट्रॅक्टरापुरती वाट तेवढी आज मोकळी करा, अप्पा."

राघोबा उठला आणि रस्त्याच्या टोकापासून हरभरा उपटायला लागला. एका वेळी एक ओळ. ज्या संयमानं घेतलं त्याच संयमानं परत द्यायला लागला. हे तिसरं कौतुक, आणि याच्या पुढं आपल्याला जमणार नाही.

येळवस झाली. तूर निघाली, ट्रॅक्टर भरून गेली. सगळं तोंडी ठरल्यासारखं झालं होतं, पण राघोबा कागदावर विश्वास ठेवणारा माणूस. "तोंडी न्हाई चालत," तो पंचशीलाच्या दारात येऊन म्हणाला. "माज्या बापानं तोंडी ठेवलं, त्याचं बघ काय झालं. उद्या तुजी पोरं म्हणतील, हे कुणाचे धोंडे. पहाणीत आलं पायजे."

"अप्पा, आसं पहाणीत येत न्हाई."

"पाच गुंठे चुकून आले न्हवं? मग हे इचारून कामून यायचं न्हाई?"

याही गणितात तिला चूक सापडली नाही. तिनं अर्ज लिहिला, दोघांनी सह्या केल्या, राजूबाईनं अंगठा दिला. कचेरीनं तो घेतला आणि मोजणीच्या अहवालावर ठेवला. त्यात लिहिलं आहे:

"विषय: पाच पांडव यांची वार्षिक ये-जा महसुली दप्तरी घेणेबाबत. वरील विषयास अनुसरून अर्जदार क्र. एक पंचशीला राजपाल व अर्जदार क्र. दोन राघोबा भगवानराव संयुक्तपणे कळवितात की, सदर पाच गुंठे अर्जदार क्र. एक यांच्या मालकीचे असून त्याबाबत क्र. दोन यांची आता तक्रार नाही. तरी विनंती की, सदर पाच गुंठे दर साली येळवसेच्या दिवशी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत अर्जदार क्र. दोन यांच्या पहाणीत दाखल करावेत व दिवस मावळताच नव्याने अर्ज न घेता, नोटीस न काढता आपोआप अर्जदार क्र. एक यांच्या नावे परत फिरवावेत. पीक या रकान्यात त्या दिवसापुरते 'भज्जी' असे नोंदवावे. तसेच उक्त पाचांपैकी भीम नेमका कोणता, याची स्थळपाहणी करून जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीनिशी तसा दाखला देण्यात यावा."